भावाची चौकशी

दि. ९ मार्च

वन्सं,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची सवय, म्हणून हात तिकडेच वळत होता. ठीक नाही. ह्यांना जिना चढताना तिसऱ्या पायरीवर थांबावं लागतं.

गेल्या रविवारी तुम्ही चार संत्री घेऊन आलात, दोन तास बसलात. "ताई भावाची चौकशी करायला आली," म्हणून हे दिवसभर खुशीत होते. कुठल्या भावाची, ते मला काल कळलं.

घर विकून ऑपरेशन करायचं, हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत. गिऱ्हाइकं किती आली, किती परत फिरली, बँकेत काय उरलंय, पैसे कधी भरायचे, सगळं विचारलंत. मीही आपलं माणूस म्हणून काही झाकलं नाही. "ऑपरेशन अठराला," मी म्हणाले. ते चुकलं. अठराला रक्ततपासणी, ऑपरेशन अठ्ठावीसला. तुम्ही गेल्यावर लक्षात आलं. म्हटलं, एवढ्यासाठी फोन कशाला?

काल दलाल आला. बाजारभावापेक्षा तिसरा हिस्सा कमी, आणि वर म्हणे, "अठराच्या आत हो म्हणा, वहिनी. नंतर तुमचीच पंचाईत."

"अठराच का हो?"

"पार्टीला तुमची अडचण ठाऊक आहे."

वन्सं, डॉक्टरांच्या कागदावर अठ्ठावीस, बँकेत सांगितलं ते अठ्ठावीस, शेजारणीलाही अठ्ठावीस. अठरा फक्त तुमच्या कानावर पडलं होतं. पार्टीचं नाव त्याने सांगितलं नाही. सांगायची गरजच उरली नाही.

घर हवं होतं तर तोंडाने मागायचं. चार पैसे कमी करून दिलं असतं. आणि मी चार पैसे कुणाला सोडत नाही, हे तुम्ही गावभर सांगता.

देवापुढे रागाने बसायचं नाही हा माझा नेम. काल मोडला. तुमचं वाईट मागितलं नाही, दुसरं गिऱ्हाईक मागितलं.

येईलसं वाटत नाही. महिनाभर कुणी फिरकलेलं नाही. पंचवीस तारखेपर्यंत वाट बघेन, मग तुम्ही म्हणता त्या किमतीला देईन. घासाघीस करत बसायला ह्यांच्या काळजाला सवड नाही.

ह्यांना मी काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. पण खरेदीला दलालाला पुढे करू नका. स्वतः या, ह्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसा. जन्मभर कारकुनी केलेला माणूस आहे, सहीआधी प्रत्येक ओळ मोठ्याने वाचतो. घेणाऱ्याचं नावही वाचेल.

आपली,
घर विकणारी