बदलीची नर्स आली होती

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, अविवाहित, व्यवसाय खासगी नर्स (दोन वर्षांपासून बंद), हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. बुद्धी शाबूत आहे. अक्षर हलतं ते गोळ्यांमुळे, कोणाच्या दबावामुळे नव्हे. आजार यकृताचा आहे आणि तो कुठवर आलाय, हे मला डॉक्टरांनी सांगायची गरज पडली नाही.

१. बँकेतली ठेव भाचीला, म्हणजे धाकट्या बहिणीच्या मुलीला मिळावी. तीही नर्स आहे. वॉर्डातच राहू की खासगी ड्यूट्या धरू, असं ती मला विचारत असते. मी वॉर्ड सोडला त्या दिवशी माझ्याकडे बेचाळीस पेशंट होते. सात नंबरचे आजोबा पाणी मागत होते. "आलेच" म्हणत मी तीनदा पुढे गेले. चौथ्यांदा थांबले, तेव्हा त्यांना पाणी नको होतं. एका वेळी एकच माणूस सांभाळायचं, हे मी तिथेच ठरवलं. पण खासगीत त्या एका माणसाची सवय लागते. ते गेलं की दोन दिवसांत दुसरं घर, दुसरा पलंग, आणि रडायला आपली जागा कुठेच नाही. भाचीने तिचं तिने ठरवावं.

२. बीपीचं मशीन, चिमटे, कात्री हेही तिलाच. कात्रीला धार लावून घ्यावी. माझा कमरेचा पट्टा मात्र टाकून द्यावा. तिने नवा घ्यावा, आणि कंबर धरायच्या आधी घ्यावा.

३. बाईंच्या थोरल्या मुलाला माझ्याकडून काही नाही. बाई अंथरुणाला खिळल्या होत्या, त्यांच्याकडे मी सहा वर्षं होते. एकदा त्यांची अंगठी सापडेना, तेव्हा या गृहस्थांनी सगळ्यांसमोर माझी पिशवी फरशीवर उपडी केली. अंगठी उशीच्या अभ्र्यात निघाली. ते त्यांनी मला ड्रायव्हरकरवी कळवलं. माझ्या अंत्यविधीला आलेच, तर त्यांना खुर्ची द्यावी. बोलायला कोणी जाऊ नये.

४. राहतं घर, दोन खोल्या, धाकट्या बहिणीला. याचं कारण लिहिणं भाग आहे.

चौदा वर्षांपूर्वी याच घरात आई गेली. तिचं सगळं बहिणीने केलं. शेवटच्या दुपारी बहिणीने बाईंच्या घरी फोन केला. मी सांगितलं, बदलीची नर्स आली नाही, पेशंटला सोडून निघता येत नाही.

बदलीची नर्स आली होती. हॉलमध्ये युनिफॉर्म घालून उभी होती. मी तिला तिथेच थांबवलं आणि आत जाऊन बाईंची पाठ पुसत बसले. परक्यांची मरणं मी कितीतरी पाहिली. आईचं पाहायची छाती झाली नाही.

गेल्या महिन्यात बहीण माझ्या चादरींच्या घड्या घालत होती, तेव्हा तिला हे सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "फोन तुझ्याआधी त्या नर्सनेच उचलला. म्हणाली, मी आलेय, ताईंना लगेच पाठवते."

इतकी वर्षं बोलली का नाहीस, असं मी विचारलं.

"काय बोलणार? आई दाराकडे बघत होती. मी तिला सांगितलं, ताई जिना चढतेय. ती गेली तोवर तेच सांगत होते."

उरलेल्या दोन चादरी घडी करून तिने कपाटात ठेवल्या आणि चपला घालून गेली. त्यानंतर ती आलेली नाही. जेवणाचा डबा भाचीबरोबर येतो.

घर तिचंच आहे. तिने मला माफ करावं, अशी अट त्याला नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली.

लिहून ठेवणार : (सही)
साक्षीदार : १. कोपऱ्यावरचे औषधविक्रेते (सही)
२. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त टायपिस्टबाई (सही)
स्थळ : राहतं घर, आतली खोली
दिनांक : ११ नोव्हेंबर २०२५