किसनमामाचा खोकला

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५, सकाळी ७.०५

गॅसवर चहा ठेवला आहे. मोबाइलवर अकोल्याचं रेडिओ स्टेशन. राजापेठेतली ही खोली क्लासच्या वर आहे, त्यामुळे सात वाजले की खाली स्कूटर लावण्यावरून भांडणं सुरू.

सकाळच्या विनोदी कार्यक्रमात नवीन मुलगा किसनमामा करतो आहे. खोकला चुकीच्या जागी टाकतो. मामा वाक्य संपल्यावर खोकत नाही, आकडा सांगायच्या आधी खोकतो. आठ वेळा चुकला. मोजत बसलो! मार्चमध्ये मीच सोडलं ना ते काम?

तो खोकला तसा माझाही नाही. बाबांचा आहे. अंजनगावच्या यार्डात बाबांनी तीस वर्षं हर्रास बोलला — ढिगाशी उभं राहून मालाचा भाव पुकारायचा, बोली वाढवत न्यायची. शेवटचा आकडा सांगायच्या आधी ते थांबायचे, खोकायचे, आणि तेवढ्यात एखादा व्यापारी घाबरून दहा रुपये वाढवायचा. लहानपणी मी डब्बा घेऊन जायचो तेव्हा पाहिलेलं. रेडिओवर तेच उचललं. तोच आवाज, तेच थांबणं. अख्खा जिल्हा हसला.

चहा उतू गेला.


बुधवार, ५ नोव्हेंबर

प्रियदर्शनी मॅडमचा फोन. स्टेशनचं सगळं त्याच बघतात. म्हणाल्या की नवीन मुलाला जमत नाही, लोक तुझ्याबद्दल विचारतात. पगार बावीस हजार, वीस हजार आगाऊ. वीस तारखेपर्यंत सांग. तू आला नाहीस तर एक डिसेंबरपासून किसनमामा बंद, त्या जागी गाणी लावू.

मी म्हटलं, माझी गाणी लावा. हसल्या. वाईट हसल्या नाहीत, पण हसल्या.

बारावी नापास माणसाला बावीस हजार दुसरं कोण देणार? आधी तीन हंगाम झाडीपट्टीच्या नाटकांत नोकर झालो. मालक हाक मारतो, मी धोतर सावरत पळतो, लोक हसतात. मग रेडिओ, तिथेही हसतात. हसवून हसवून थकलो म्हणून गाण्यांकडे आलो. आठ महिन्यांत चार गाणी झाली. रेकॉर्ड एक.


शनिवार, ८ नोव्हेंबर

दुपारी हसनैनच्या स्टुडिओत. स्टुडिओ म्हणजे त्याच्या वडिलांच्या गादीच्या दुकानामागची खोली. भिंतीला गाद्याच लावल्या आहेत, आवाज घुमत नाही. दिवसा हळदीची गाणी आणि प्रचाराच्या रिक्षांची रेकॉर्डिंग करतो, माझं मधल्या वेळात.

आईचं गाणं पुन्हा घेतलं.

माय, तुह्या मांगं घरात
कोनी कोनाले हाक मारत नाही
दिवसभर दार उघडं
येनारं कोनी येत नाही

आई जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून बाबा बोलेनासे झाले. हर्राससुद्धा सोडला, आता वजनकाट्यावर बसून चिठ्ठ्या लिहितात. दम लागतो म्हणतात. मी नोकरी सोडल्यावर तर माझ्याशी उरलंसुरलंही बंद. फोन केला की “हो” आणि “ठीक”. गाणं त्यावरच आहे.

नऊ वेळा गायलो. हसनैन म्हणाला की तिसरं चांगलं होतं, नंतरची सहा तू स्वतःला घाबरवायला गायलास.

त्याचे चार हजार द्यायचे आहेत. त्याने विषय काढला नाही. ते जास्त लागतं.


सोमवार, १० नोव्हेंबर

घसा बसला. एक ओळही नाही.


रविवार, १६ नोव्हेंबर

काल लिहिलं नाही. आज लिहितो, नीट, क्रमाने.

काल दुपारी चारला अकोल्यात पहिला कार्यक्रम. माझा, माझ्या गाण्यांचा. वाचनालयाचं सभागृह, दीडशे खुर्च्या, जवळजवळ भरलेल्या. आनंद झाला. मग बॅनर पाहिलं: “किसनमामा फेम नितेश!” माझ्या नावापेक्षा मामाचं मोठं. आयोजक किशोरभाऊंना विचारलं, तर म्हणाले, “मंग काय, तुह्या नावावर लोक येतीन?”

हसनैन हार्मोनियमवर. आईचं गाणं पहिलंच घेतलं. “कोनी कोनाले” म्हटलं आणि मागून कोणीतरी फिसकन हसलं. मग एक रांग हसली. त्यांची चूक नाही. आपली बोली माईकवरून आली की हसायचं, एवढंच आपल्याला माहीत. ते मीच दोन वर्षं रोज सकाळी शिकवलं.

दुसरं कडवं सुरू करायच्या आधी मी थांबलो. आणि खोकलो.

मामासारखा. का खोकलो? घाबरलो म्हणून. सभागृह फुटलं! टाळ्या, शिट्या. पुढचं अख्खं गाणं मामाच्या आवाजात गायलो. आईचं गाणं. पुढच्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत होत्या, हसून हसून.

किशोरभाऊ खूश. मे महिन्यात परत बोलावतो म्हणाले.

परतताना मूर्तिजापूरला चहाला थांबलो. हसनैन म्हणाला, “अबे, मधात खोकलला काऊन?”

मी म्हटलं, सवय.

“सवय नाही. तू विकलं ते.”

चहाचे पैसे त्यानेच दिले.


सोमवार, १७ नोव्हेंबर

मॅडमना सकाळी ९.२० ला मेसेज: येतो. दोनदा वाचून पाठवला. त्यांचं लगेच उत्तर आलं, एक तारखेपासून.

कारणं लिहून ठेवतो, पुढे विसरू नये म्हणून. एक, लोकांना तेच हवं आहे. दोन, मी थकलो आहे. तीन, बाबा. नोकरी सोडल्यापासून नीट बोलत नाहीत, निदान आता बोलतील.

तिसरं कारण सर्वांत खरं आहे.


बुधवार, १९ नोव्हेंबर

पैसे खात्यात आले. भाडं दिलं. हसनैनला चार हजार दिले. मोजले नाहीत त्याने, ड्रॉवरमध्ये टाकले. बाबांना स्वेटर घेतला, चॉकलेटी, पुढून चेन असलेला.


शनिवार, २२ नोव्हेंबर

अंजनगावला जाऊन आलो. बाबा नुकतेच यार्डातून आले होते, शर्टावर सोयाबीनचं भूस. पौर्णिमाताईने चहा ठेवला. स्वेटर त्यांनी घालून पाहिला, चेन वर-खाली केली. बाहीला थोडा लांब.

मग मी सांगितलं — परत लागलो, एक तारखेपासून रोज सकाळी सात वाजता पुन्हा किसनमामा, पगार बावीस हजार. वाट पाहत होतो की काहीतरी म्हणतील.

बाबांनी मान हलवली. स्वेटर काढला, घडी घातली, खुर्चीवर ठेवला. “बरं झालं,” म्हणाले, आणि चप्पल घालून बाहेर गेले. चहा तसाच.

ताई त्यांच्या पाठीकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे. मी चारच्या एसटीने परत आलो. काय केलं म्हणजे त्यांना बरं वाटेल? खरंच कळत नाही. सोडलं तरी गप्प, धरलं तरी गप्प.


रविवार, २३ नोव्हेंबर

सकाळी ताईचा फोन. जसं बोलली तसं लिहितो.

“नित्या, बाबा माय गेल्यावर बोलत होते. दीड वर्ष हर्रास बोलले. तुहा किसनमामा लागला रेडिओवर, आन् यार्डातले पोट्टे त्याईले म्हनाले लागले, मामा, खोकलून दाखवा. बाबांनं बोली चालू केली का लोक हासत. हासन्यात बोली तुटे. शेठनं उचलून काट्यावर बसवलं. तवापासून ते चार लोकाईत तोंड उघडत नाही.”

मी विचारलं, मला का सांगितलं नाही.

“त्याईनंच शपथ घातली होती. पोराचं नाव होऊन राहिलं म्हने, कोनी काई बोलू नका. कालपासून जेवले नाही, म्हून सांगतलं.”

आईचं गाणं खोटं आहे. हसनैनला सांगितलं, पुसून टाक. मॅडमना मेसेज पाठवला: येत नाही. त्यांनी लिहिलं, मग कार्यक्रम बंद. मी लिहिलं, हो.

स्टेशनचे आगाऊ: २०,०००
खर्च — भाडे २,५००, हसनैन ४,०००, स्वेटर ६५०, एसटी जाऊन-येऊन २१०. एकूण ७,३६०
हातात: १२,६४०
हसनैनने ड्रॉवरमधून परत दिले: ४,०००
उद्या अकोल्याला जाऊन भरायचे: १६,६४०
देणे — हसनैन ४,०००, स्टेशन ३,३६०