डाव्या बाजूचा दिवा

कुरायोशी,
२० ऑक्टोबर १९९६

चि. कियोहारूस अनेक आशीर्वाद.

वि. वि. नाशपातीची शेवटची पेटी परवा तुझ्या नावाने पाठवली. वरच्या थरातली फळं थोडी डागी दिसतील, पण गोडीला कमी नाहीत. गॅरेजच्या मालकांना खालच्या थरातली दे. तुझी आई गेल्यापासून फळं पुसून भरायला दुसरं कोणी नाही, तेवढं समजून घे.

एक काम आहे. गाडीचा डावा दिवा मंद झाला आहे. हल्ली दिवस विहिरीत बादली सुटावी तसा झपकन बुडतो, आणि फळं घालून बागायतदार संघाच्या गोदामातून परतताना रस्त्याची डावी कड दिसतच नाही. परवा एक चाक पाटात उतरलं. गावातला मेकॅनिक म्हणाला की आणा, पाच मिनिटांचं काम आहे. पण ज्याचा मुलगा ओसाकात गाड्या दुरुस्त करतो त्याने बल्ब बदलायला दुसऱ्याच्या दारात जावं, हे बरं दिसत नाही. घरच्या घरी कसा बदलायचा ते लिही. घाई नाही, सवडीने.

इकडची आठवण असू दे.

तुझे बाबा


ओसाका,
२५ ऑक्टोबर १९९६

तीर्थरूप बाबांना कियोहारूचा सा. न. वि. वि.

पेटी पोचली. मालकांनी एक फळ खाल्लं आणि मला म्हणाले की घरी अशी बाग असताना तू इथे ग्रीसमध्ये का लोळतोस. मी हसण्यावारी नेलं. बाग सोडून आलो त्याला बारा वर्षं झाली, एवढ्या काळात तुम्ही मला प्रथमच काही विचारलंत. पत्र तीनदा वाचलं.

आता बल्बचं. इंजिन बंद करून दिवा निवू द्या. बॉनेट उघडलं की दिव्याच्या पाठीमागे तीन पिनांचा प्लग दिसेल, तो सरळ मागे ओढा. मग रबरी टोपण सोलून काढा, तारेची क्लिप दाबून बाजूला करा, की बल्ब हातात येईल. नवा बसवताना त्याच्या काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल काचेवर राहतं, तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. आमच्याकडे नवा माणूस पहिल्या आठवड्यात यावरूनच शिव्या खातो. लहानपणी तुम्ही मला पिकल्या फळाला बोट लावू देत नव्हता, तसंच समजा.

जमलं की कळवा. माया आहे तशीच ठेवावी.

आपला,
कियोहारू


कुरायोशी,
६ नोव्हेंबर १९९६

चि. कियोहारूस आशीर्वाद.

बल्ब बदलला. क्लिप हातातून उडून बांबूच्या बेटात गेली, ती शोधण्यात दुपार गेली. तुझी सुमीए आत्या नेमकी तेव्हाच आली. मी तुझ्या आईचे पांढरे हातमोजे घालून बल्ब धरला होता, ते पाहून म्हणाली की दादा, बाळंतपण करतोयस की काय. माझी धाकटी बहीण असून जन्मभर मोठ्यासारखी बोलत आली आहे.

पण डावी बाजू तशीच अंधारी आहे. काय करावं ते लिही.

तुझे बाबा


ओसाका,
१४ नोव्हेंबर १९९६

तीर्थरूप बाबांना सा. न. वि. वि.

हातमोज्यांचं वाचून गॅरेजमध्ये सगळे हसले. मी मात्र अभिमानानेच सांगत होतो.

दिव्याची पुढची काच पिवळी पडली असेल. ओल्या फडक्यावर टूथपेस्ट घेऊन घासा. शिवाय एक करा. संध्याकाळी गोदामाच्या भिंतीपासून दहा पावलांवर गाडी उभी करा आणि दोन्ही दिवे लावा. भिंतीवर उजेडाचे दोन गोल पडतील. डावा फिका दिसला तर दोष वायरिंगमध्ये, मग मलाच बघायला हवं. तसं असेल तर नववर्षाला येतो. आत्याला नमस्कार.

आपला,
कियोहारू


कुरायोशी,
२ डिसेंबर १९९६

चि. कियोहारूस आशीर्वाद.

काच घासली. गाडीला दोन दिवस पुदिन्याचा वास येत होता. उजेडात फरक नाही. वायरिंगच असणार. तू येशील तेव्हाच बघ. कोळ्याकडे खेकडा सांगून ठेवला आहे, आणि तुझी खोली झाडून घेतली आहे.

वाट बघतो.

तुझे बाबा


ओसाका,
२७ डिसेंबर १९९६

तीर्थरूप बाबांना सा. न. वि. वि.

लिहायला संकोच वाटतो. यंदा येणं जमत नाही. बर्फात चालणारी चाकं बसवायला दारापर्यंत रांग लागली आहे, दोघं जण तापाने घरी आहेत, आणि मालकांनी अक्षरशः हात जोडले. चांगल्यातले दोन बल्ब सोबत पाठवतो आहे, दोन्हीकडे एकदमच बदला. वायरिंगचं मार्चमध्ये बघतो. तोवर अंधार पडल्यावर गाडी काढू नका. खेकडा आत्याला खायला घाला.

राग धरू नये.

आपला,
कियोहारू


युरा,
१४ जानेवारी १९९७

चि. कियोहारूस सुमीए आत्याचे आशीर्वाद.

तुला लिहू नको असं दादाने मला बजावलं आहे, तरी लिहिते.

नववर्षाच्या दिवशी देवदर्शनानंतर तो मला गाडीने घरी सोडत होता. नुकती दिवेलागण झाली होती. पुलाच्या खांबाला डावा आरसा घासून तुटला. मी ओरडून गाडी थांबवायला लावली. तो दिव्याला शिव्या देत बसला. समोर एका वखारीची भिंत होती. मी उतरून पाहिलं, तर दोन्ही दिव्यांचे गोल सारखेच लख्ख. तसं मी त्याला सांगितलं. मग मी आत बसून त्याचा उजवा डोळा तळहाताने झाकला, दुसरा हात समोर धरला आणि बोटं किती ते विचारलं. हात कुठे आहे, हेच त्याला सापडेना.

मी त्याला शहरातल्या इस्पितळात नेलं. काचबिंदू आहे. डाव्या डोळ्यात आता उजेड-अंधार एवढंच कळतं. उजव्यालाही सुरुवात झाली आहे, तो थेंबांवर टिकेल म्हणतात. मी डॉक्टरांना विचारलं की शरदात आलो असतो तर. ते म्हणाले की दोन वर्षांपूर्वी आला असता तर बरंच राहिलं असतं, शरदात आला असता तरी थोडं हाती लागलं असतं. गेलेलं मात्र परत येत नाही.

तुला दोष देत नाही. मी तरी काय केलं, हातमोज्यांची थट्टाच केली.

तुझी,
आत्या


ओसाका,
१९ जानेवारी १९९७

तीर्थरूप बाबांना सा. न. वि. वि.

आत्याचं पत्र मिळालं. तिच्यावर चिडू नका.

रोज दहा गाड्या माझ्यासमोर येतात. माणूस म्हणतो ब्रेक लागत नाही, तर मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही, स्वतः गाडी चालवून बघतो. तुमच्या बाबतीत तेवढंही केलं नाही. घरबसल्या तीन पत्रांतून बल्ब, काच आणि वायरिंग दुरुस्त करत राहिलो. नववर्षाला आलो असतो आणि तुमच्या शेजारी बसून एक फेरी मारली असती, तर पहिल्याच वळणावर कळलं असतं. ज्यांची चाकं मी त्या दिवसांत बसवली, त्यातल्या एकाचंही नाव मला आठवत नाही.

मालकांशी बोललो आहे. महिनाभर सुटी देतात. तुम्हाला आवडेल की नाही ते ठाऊक नाही, म्हणून विचारतो. येऊ का?

आपला,
कियोहारू


कुरायोशी,
२७ जानेवारी १९९७

चि. कियोहारूस आशीर्वाद.

जाड पेनाने लिहितो आहे. ओळी चढल्या-उतरल्या तर चालवून घे.

काल पोलीस ठाण्यात जाऊन गाडीचा परवाना परत केला. खिडकीतल्या बाईंनी इतकी वर्षं सांभाळून चालवल्याबद्दल आभार मानले. पाटाचं आणि आरशाचं त्यांना कुठे माहीत. येताना बसमध्ये सुमीए माझ्या डाव्या बाजूला बसली होती, ती रडत होती हे मला तिच्या नाक ओढण्यावरून कळलं.

आता तुला एक सांगायचं आहे. तू भिंतीचं लिहिलेलं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी गाडी गोदामापाशी नेली. गोल दोन्ही सारखे होते. मग मी एकेक डोळा झाकून पाहिला. म्हणजे मला तेव्हापासून माहीत होतं. तरी तुला वायरिंग लिहिलं. तब्येतीचं लिहिलं असतं तर तू औषधं पाठवली असतीस, आणि दिव्याचं लिहिलं की तुझं पानभर उत्तर यायचं. वायरिंग म्हटल्यावर तर तू येणारच होतास. तू आलास की सांगीन आणि तुझ्यासोबतच इस्पितळात जाईन, असं ठरवून बसलो. तू आला नाहीस, तेव्हाही एकट्याने जायला हवं होतं. नाही गेलो. रुसून बसलो, या वयात. डोळा माझ्या हट्टाने गेला आहे, तुझ्या गॅरेजमुळे नाही.

तू बाग सोडून गेलास त्या दिवशी मी तुला म्हणालो होतो की परत यायचं तर बोलावल्याशिवाय येऊ नकोस. पुढे बोलवायचं माझ्याकडून राहून गेलं. तुझी आई दर वर्षी म्हणायची की एक ओळ लिहा. तिच्या हयातीत लिहिली असती तर तिलाही तू भेटला असतास, नुसता अंत्यविधीला आला नसतास. डोळ्यापेक्षा हे जास्त सलतं.

बागेत छाटणी अर्ध्यावर आहे. डावीकडच्या फांद्या माझ्या हातून सुटतात.

तू विचारलंस, येऊ का.

ये.

तुझे बाबा