हातभर निळी नळी

धुळे,
रविवार, दुपार

प्रिय कुंदन,

हे पत्र तुझ्याच कंपनीतल्या, आमच्या शेजारच्या भटूच्या हाती पाठवतेय, म्हणजे मिळालंच नाही असं तुला म्हणता येणार नाही. फोन तू उचलत नाहीस, मेसेज उघडतही नाहीस. नरडाण्याला तुझ्या कंपनीच्या गेटवर येऊन उभी राहते असं मी आईला म्हटलं, तर ती म्हणाली, चारचौघांत तमाशा नको. मग राहिला कागद. शहाण्या, धुळ्याहून नरडाणा म्हणजे काय अमेरिका आहे? भटू रोज कंपनीच्या बसने जाऊन येतो आणि संध्याकाळी घरी जेवतो. तू संक्रांतीपासून या घराची पायरी चढला नाहीस. तुझी चादर घडी करून ठेवलीय, आणि ते मातीने माखलेले बूट अजून पलंगाखाली आहेत. वास येऊ नये म्हणून मी ते अधूनमधून गॅलरीत उन्हात ठेवते आणि परत आत घेते.

सासूबाई रोज तुझं नाव काढतात. त्या काही रागावलेल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान विषय तरी संपला असता. संध्याकाळी दारात बसून विचारतात, "बठ्ठा येतस, कुंदन काबर येस नही?" मी म्हणते, बाकी सगळे येतात कारण त्यांना सवड आहे, कुंदनच्या कंपनीत काम वाढलंय. त्या मान हलवतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारतात.

दाजींच्या हाताचं तुला भटूकडून कळत असेल, पण भटू गोड गोड सांगत असणार, म्हणून मी नीट सांगते. भाजलेली जखम भरली. पट्टी निघाली. कातडी गुलाबी आहे आणि ताणल्यासारखी दिसते. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं एकमेकांना पुरती टेकत नाहीत. ते रोज चेंडू दाबायचा व्यायाम करतात, डॉक्टर म्हणतात फरक पडेल, किती पडेल ते मात्र सांगत नाहीत. दुकान उघडतात. मोबाईलचं कव्हर, काच, चार्जर एवढं चालतं. पण आतलं काम आलं, चिमटा धरायची वेळ आली, की गिऱ्हाइकाला उद्या या म्हणतात, आणि उद्या तो माणूस दुसऱ्या दुकानात गेलेला असतो. घरी आल्यावर यातलं काहीच बोलत नाहीत. तुला ठाऊक आहे हे किती बडबडे होते. आता जेवताना नुसता पंख्याचा आवाज येतो.

होळीनंतर एक दिवस मी गॅलरीत गेले तर कठड्यावर जॅमच्या रिकाम्या बाटल्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीत तुमच्या त्या रिमोटवर पळणाऱ्या खेळातल्या गाडीचं गुलाबी इंधन, आणि प्रत्येकीत नळीचा एकेक तुकडा बुडवलेला. एकीत फवारणी पंपाची काळी, एकीत माशांच्या पेटीची, एकीत तुमच्या गाडीची मूळची निळी सिलिकॉनची, फाटून उरलेली, आणि एकीत ती. पारदर्शक. आबांच्या केळीच्या शेतातली, ठिबकला खत सोडायच्या व्हेंचुरीची. माझं डोकंच फिरलं. ज्या इंधनाने हात गेला ते परत घरात? मी भांडले, अगदी खालच्या मजल्यावर ऐकू जाईल इतकं भांडले. यांनी फक्त बाटल्यांची झाकणं घट्ट लावून त्या सावलीत सरकवल्या.

खरं सांगू, मला वाईट शंका आली. वाटलं, हा माणूस पुरावा गोळा करतोय. तुझ्याविरुद्ध. कारण ती पारदर्शक नळी तू लावली होतीस हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे, आणि त्याबद्दल या घरात कोणी एक अक्षर काढलेलं नाही.

तू ती का लावलीस हेही मला माहीत आहे. निळी नळी चाकाला घासून फाटली, नवी कुरिअरने यायला वेळ होता, आणि रविवारी मैदानात प्रेमराजच्या गाडीशी तुमची शर्यत ठरलेली. तू रावेरकडे घरी गेलेलाच होतास. आपल्या घरात ठिबकची नळी कुठे लागत नाही? कपडे वाळत घालायला ती, गोठ्याचं फाटक बांधायला ती, माझ्या लग्नाचा मांडवसुद्धा आबांनी तिनेच आवळला होता. तू हातभर कापून आणलीस, बसवलीस, चपखल बसली. दाजी किती खूश झाले होते. माझा मेव्हणा इंजिनिअर आहे म्हणून दुकानात येईल त्याला सांगायचे. काही रविवार गाडी छान पळाली. मग संक्रांत आली.

त्या दिवशीचं आपण कधीच बोललो नाही, म्हणून मी आता लिहितेय, आणि तू हे पान उलटू नकोस. प्रेमराजची गाडी मागे पडली, आपली जिंकली, दाजींनी धावत जाऊन ती उचलली आणि हात झटकत गोल फिरायला लागले. पारोळा रोडचं ते उघडं मैदान, दुपारचं लख्ख ऊन, आकाशात पतंग. धूर नाही, जाळ नाही. मला वाटलं आनंदाने नाचताहेत. मी तिळगुळाचा डबा धरून हसत होते. तू मोबाईलवर शूटिंग करत होतास आणि ओरडत होतास, "नाचा दाजी, नाचा!" त्या इंधनाचा जाळ उन्हात दिसत नाही हे डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं म्हणे. आपल्याला कोणाला माहीत होतं?

भटू सांगतो, तू जेवणाच्या सुट्टीत एकटा बसून तो व्हिडिओ बघतोस. परत परत बघतोस. अरे बाबा, कशासाठी? स्वतःचं हसणं ऐकायला? माझंही आहे त्यात. पुसून टाक तो. 

आता बाटल्यांचं सांगते. दोनेक आठवड्यांनी यांनी मला गॅलरीत बोलावलं. निळा तुकडा होता तसाच होता, मऊ, दाबला की दबणारा. काळा थोडा फुगला होता. आणि ती पारदर्शक नळी कडक झाली होती, पिवळट, वाकवली तर मोडेल अशी. यांनी ती इंजिनाच्या तोंडाला बसवून दाखवली. पकडच उरली नव्हती, बोट लावलं की निसटत होती. टाकीत दाब असतो, नळी निसटली की इंधन थेट तापलेल्या इंजिनावर उडतं. एवढं मलाही कळलं. मी म्हटलं, झालं समाधान? सापडला गुन्हेगार? तेव्हा हे खाली बसले आणि म्हणाले, "नळीची चूक नसावी, एवढंच बघत होतो मी. तसं निघालं असतं तर त्याला फोन करून सांगितलं असतं."

कुंदन, मला तोंडात मारल्यासारखं झालं. तो माणूस तुला सोडवायला बसला होता, आणि बाटलीने उलटं सांगितलं. मग त्यांनी मला बजावलं, हे त्याला कळवायचं नाही. मी कळवतेय. कारण तुला ते मनातून माहीतच आहे, आणि नळीचं काही नव्हतं रे असं मी लिहिलं असतं तर तू पहिल्या ओळीतच माझं खोटं पकडलं असतंस. हो, नळी चुकीची होती. तू लावलीस. मला तुझा राग येतो, अजून येतो, त्यांना डाव्या हाताने भाताचा घास घेताना बघते तेव्हा फार येतो. पण राग आला म्हणून भाऊ नको असं कोणी सांगितलं तुला? तुझं तूच ठरवलंस आणि निघून गेलास.

आणि अजून एक. त्या दिवसातलं दाजींना काय आठवतं माहितेय? तुझं हसणं त्यांना आठवतच नाही. मी मुद्दाम विचारलं. त्यांना आठवतं ते एवढंच की त्यांच्या मनगटावरचे केस जळताना सगळ्यांच्या आधी तू पाहिलेस, मोबाईल फेकलास आणि प्यायच्या पाण्याचा अख्खा जार त्यांच्या हातावर उपडा केलास. आम्ही बाकीचे तोवर हसतच होतो. डॉक्टर म्हणाले होते, पाणी उशिरा पडलं असतं तर बोटं राहिली नसती. हे मी तुला दवाखान्यातच सांगणार होते, पण बाहेर आले तर तू निघून गेला होतास.

आता आजचं. आखाजीचा सण तोंडावर आलाय. सकाळी आबांचा फोन आला की कुंदन नाही म्हणतोय, तेव्हा मला माहेरी न्यायला मुराळी म्हणून काकांचा सुकदेव येईल. मी फोन ठेवला आणि उगाच आवराआवर काढली, तुझे बूट उन्हात ठेवायला उचलले. एका बुटात काहीतरी गुंडाळलेलं लागलं. हातभर निळी नळी, कोरी. मागच्या आठवड्यात कुरिअरने आली होती. जाड भिंतीची, सिलिकॉनची, गाडीच्या इंजिनाच्या तोंडाला घट्ट बसेल अशी, किती दिवस शोधून यांनी ती निवडली होती. त्या दिवशी ब्लेड डाव्या हातात धरून ती कापायला बसले. तिरकी गेली. पुन्हा कापली, पुन्हा तिरकी. तिरकी कापली तर हवा शिरते, मला समजावत होते. मी म्हटलं, आणा, मी कापते. नको म्हणाले, आणि उठून गेले. मला वाटलं फेकून दिली असेल. ती तुझ्या बुटात ठेवली होती. मी दुकानात फोन करून विचारलं, हे काय? तर म्हणाले, "बूट न्यायला येईल ना कधीतरी. कुंदन सरळ कापतो."

म्हणून हे पत्र. नळी मी बुटात होती तशीच ठेवलीय, पाकिटात शोधू नकोस. सुकदेव आला तर त्याला चहा पाजून परत पाठवीन, आणि तू आला नाहीस तर यंदा आईच्या दारातला आखाजीचा झोका रिकामा राहील. मला न्यायला तू ये. आलास तर यांच्या हाताकडे बघणं चुकवू नकोस, नीट बघ, त्यांना लोकांनी नजर फिरवलेली सोसत नाही. आणि येताना ब्लेड आणू नकोस, घरात आहे.

तुझीच, रागावलेली आणि दाराकडे कान असलेली,
अक्का