वळशातल्या पाचरी

१ ऑक्टोबर १९७३, सोमवार

पुन्हा तेच! स्टोव्हवर भात, मांडीवर यशू, आणि मांडणीवरची भांडी लागली खणखणायला. पोरगी दचकून उठली ती संध्याकाळपर्यंत रडतच होती. एवढंसं लेकरू, वजन काही भरत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झोपच नाही तर दूध अंगी काय लागणार? म्हटलं, बाई, आमच्या क्वार्टरमागून मिलचा वाफेचा पाइप जातो. तो झोपू देईल तर ना!

रंगखात्यात नवा पंप बसला तेव्हापासूनचं हे झेंगट. पंप हिसके देत वाफ ओढतो आणि इकडे पाइप थरथरतो. पाइप थरथरला की भिंत, भिंत थरथरली की माझी भांडी. जीव नुसता विटला आहे.

३ ऑक्टोबर

ह्यांच्याशी भांडले. मिलचा पाइप-फिटर माझाच नवरा आहे, दुसऱ्या कोणाचा नाही! "बांधून टाका न त्याले एकदाचं," म्हटलं. तर म्हणे, "बांधता नाही येत वं. गरम झाला का लांबते तो. मागचा चौकोनी वळसा काहून ठेवला? लांबलेला पाइप तिथंच सामावते. त्याले हलू द्याच लागते."

"अन् पोरीले झोपू नाही द्या लागत?"

अर्ध्या ताटावरून उठले. पंपाजवळ वाफेची एक टाकी बसवली तर हिसके थांबतील, असं साहेबाला सांगून झालंय म्हणे. साहेब म्हणतो, दिवाळीनंतर पाहू.

दिवाळीनंतर! पोरगी तोवर राहिली पाहिजे ना!

७ ऑक्टोबर, रविवार

आज सुट्टी. बॉयलर बंद, पाइप गार. हे सकाळीच कुहीला गेले बहिणीकडे.

शेजारची बायजाबाई आली. यशूला पाहिलं नि म्हणाली, "माणसाइची वाट काहून पाहून राहिली वं प्रेमिला? खाट डुगडुगते त तू काय करते? पाचर मारते न! मंग चाल."

वळशापाशी पाइप आणि लोखंडी खांब यांच्यात चार बोटं फट आहे. बाभळीच्या तीन पाचरी अन् तिचा वरवंटा. मी धरल्या, तिनं ठोकल्या. बोट वाचलं माझं थोडक्यात. किती हसलो दोघी! तिला बजावलं, ह्यांच्या कानावर जाऊ देऊ नको.

८ ऑक्टोबर

वाफ सुटली. भांडी गप्प!! यशू झोपली ती झोपलीच. मीच घाबरून तिच्या नाकापुढे हात धरला.

९ ऑक्टोबर

प्यायली, झोपली. उठली, हसलीसुद्धा. साहेबानं ह्यांची पाठ थोपटली म्हणे — "क्या बात है, लाइन तो एकदम चुप हो गई!" हे सांगताना हसले नाहीत. मागच्या दाराशी बराच वेळ उभे होते.

११ ऑक्टोबर

पाइप बोलायला लागला. थरथर नाही — करकर. खाटेचा सुंभ फार ताणला की करतो तशी. आणि वळशापुढच्या वाकावर बारीक शिट्टी, वाफेची. ऐकवेना. पाचरी काढायला गेले तर निघेनात! वरवंट्यानं मारून पाहिलं, मनगट भाजलं. पाइपानं आवळून धरल्या आहेत.

ह्यांना सगळं सांगितलं. वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. तर म्हणाले, "मले सोमवारीच दिसल्या."

"मंग काढल्या काहून नाही?"

"पोरगी झोपून राहिली होती वं."

सगळं कळणारा माणूस! म्हणाले, "रविवारी काढतो. गार झाला का आपोआप सैल होते. तोवर तिकडे फिरकू नको."

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

रविवारची सुट्टी रद्द! दिवाळीचा माल आहे, बॉयलर बंद होणार नाही.

म्हटलं, साहेबाले सांगा. "काय सांगू? कोणं ठोकल्या, विचारन. क्वार्टर राहते का मंग? बायजाबाईच्या नवऱ्याचीही नोकरी जाईन." मग मीच पेटले. आजच काढा, गरमच काढा. फिटर म्हणवता न सोताले? तीन लाकडं निघत नाही तुमच्यानं? नको ते बोलले. मला त्या शिट्टीचं भय वाटतं, आणि भ्याले की माझं तोंड असंच सुटतं. माफी मागायची होती, तीही राहिली.

यशूचं अंथरूण पुढच्या खोलीत आणलं. हे हातोडी मांडीवर घेऊन बसले आहेत. एवढंच म्हणाले, "उद्या पाहतो."

१३ ऑक्टोबर

दुपारी वळशापाशी पाइप फुटला, भांडी वाजली. एकदाच. यशू उठलीसुद्धा नाही.

बायजाबाई सांगत होती, ह्यांचा देह उचलून नेताना मुठीत एक पाचर होती. सोडवता सुटत नव्हती.