स्कार्थ तळ्याच्या फेऱ्या

प्रिय हिल्डाताई,

विल्फ्रेडचा नमस्कार. समुद्राची हवा तुझ्या गुडघ्यांना मानवली का? भावोजींचा खोकला कसा आहे? (मागच्या पत्रात खोकल्याला दोन पानं आणि भावोजींना अर्धी ओळ दिली होतीस, म्हणून खोकल्याचीच चौकशी करतो.) इकडे आम्ही सगळे, म्हणजे मी आणि मांजर, खुशाल आहोत. पाऊस आहेच.

रविवारच्या डोंगरवारीचं काय झालं, असं तू विचारलंस. विचारण्यात खोच होती, ती कळली. एनिड टायसन, म्हणजे आमच्या भटक्या मंडळाच्या चिटणीस, सोमवारच्या बसने कायमच्या कार्लाइलला भावाकडे जाणार होत्या. त्याआधी मी तोंड उघडलं नाही, तर जन्मभर मांजराशीच बोलत बसावं लागेल, हे तुझं भाकीत मला पाठ आहे. म्हणून ठरवलं होतं, स्कार्थ तळ्यावर विचारायचंच. बाबांनी आईला तिथेच विचारलं होतं. (आधी तासभर लोकरीच्या भावावर बोलून, असं आई म्हणायची.)

पायथ्याशी पोचतो तोच ढग उतरला आणि मंडळ एकमताने पबमध्ये शिरलं. मी एनिडना म्हणालो, तुम्हाला चालत असेल तर मला चालेल. त्याही तेच म्हणाल्या. आता दोघांनाही चालतंय म्हटल्यावर परत फिरणार कोण? मला खरं तर पबच चालला असता. पुढे समजलं की त्यांनाही.

तळ्याशी पोचलो तेव्हा स्वतःचे बूट दिसत नव्हते. तळ्याच्या कडेने जायचं आणि पलीकडच्या टोकाला खाली उतरायचं, एवढीच ती वाट. नकाशा माझ्याकडे होता, पण चिटणीसबाईंसमोर तो उलटासुलटा करून बघणं बरं दिसत नाही. मी पुढे, त्या मागे. वाटेत खालच्या शेतावरच्या फ्लेमिंगची एक मेंढी भेटली, पाठीवर लाल पट्टा, मागच्या पायाने लंगडी. थोड्या वेळाने दुसरी, तीही लंगडी. मग तिसरी. मी फ्लेमिंगच्या निष्काळजीपणावर चांगलंच व्याख्यान दिलं. एनिड फक्त “हो का?” म्हणत होत्या.

मधे मँचेस्टरचं एक जोडपं भेटलं. त्यांनी खाली जायची वाट विचारली, मी छडीने ठामपणे दाखवली. पुढे ती दोघं पुन्हा समोरून आली. आम्ही टोप्या उचलल्या, त्यांनी हवेबद्दल दोन चांगले शब्द काढले आणि कोणी कोणाला काही विचारलं नाही. तिसऱ्या भेटीला मात्र त्या बाईंनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं.

या सगळ्यात मी विचारायचा प्रयत्न करतच होतो. “एनिड, तुम्हाला असं नाही का वाटत...” इथवर धीटपणे यायचो आणि “...की ढग जरा उंचावलाय?” असं संपवायचो. शेवटी त्या एका खडकावर बसल्या, थर्मासमधला चहा ओतला आणि म्हणाल्या, “विल्फ्रेड, मेंढी एकच आहे हो.”

मी म्हटलं, “कधी कळलं तुम्हाला?”

“पहिल्याच फेरीला. या खडकावर मी लहानपणापासून बसतेय.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही बोलाल म्हणून चालत होते. आता टाचेला फोड आलाय.”

ताई, इतकं माझ्यासाठी कुणी चाललं नव्हतं. मी धीर एकवटला आणि म्हणालो, ढग जरा उंचावलाय.

मग आम्ही खाली उतरलो. सोमवारी कार्लाइलची बस वेळेवर सुटली. डोंगराचं नाव आता काढायचं नाही, असं ठरवलंय. भावोजींना नमस्कार.

तुझा भाऊ,
विल्फ्रेड

ता. क. बस सुटली. एनिड तीत नव्हत्या.

ता. क. आईची लाल गार्नेट खड्याची अंगठी तुझ्याकडे आहे, ती परतीच्या टपालाने पाठव. ती तुझ्या बोटातून निघत नाही हे मला माहीत आहे. साबण लावून बघ.

ता. क. विचारलं कोणी, हे भावोजींना सांगू नकोस. एनिडनीच विचारलं. मी एवढंच म्हणू शकलो, की तुम्हाला चालत असेल तर मला चालेल.