दाबलेला ठोका

आप्पा, तुमच्यावर मी आठ वर्षं संशय घेतला. तुम्ही गेल्यावरही तो सोडला नाही.

त्या दुपारी आमच्या हेवी मेटल बँडचं पहिलं गाणं घरीच मिक्स करून मी स्वयंपाकघरात आलो. आई भाकरी थापत होती, तुम्ही पाटावर बसून शेंगाचटणीत तेल कालवत होता. मी स्पीकर ओट्यावर ठेवला आणि आवाज पूर्ण वाढवला. यंत्रमागाच्या शेडमध्ये जॉबर म्हणून माग दुरुस्त करता करता तुमचे कान गेलेले. मोठा आवाज तुम्हाला बरा, असं वाटलं. तुम्ही बोटं पुसलीत, उठून स्पीकरच्या खोक्यावर तळहात ठेवलात. "आवाज कमी कर की. आन परत लाव." मी लावलं. तुम्ही बराच वेळ तसेच उभे. मग म्हणालात, "गिटार लई हाय. ढोल कुटं गेला?"

आई हसली. मला ते झोंबलं. "तुम्हाला ऐकू तरी येतं का, आप्पा?" असं मी बोलून गेलो. तुम्ही हात काढून घेतलात आणि ताटाकडे वळलात. पुन्हा कधी गाणं लावायला सांगितलं नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

बहिऱ्या माणसाला हे कळलं कसं? आमचा ड्रमर संध्याकाळी तुमच्याजवळ येऊन बसायचा. "तू माझे ड्रम दाबलेस," ही त्याची माझ्याकडे तक्रार होतीच. त्यानंच तुम्हाला पढवलं, असं मी धरून चाललो. त्याला बोलावून कॉम्प्युटरवर सगळं उघडून दाखवलं. "बघ, तुझ्या ड्रमचा आवाज मी एका केसानंही कमी केलेला नाही." "मग ऐकू का येत न्हाय?" एवढंच विचारून तो गेला, आणि बँड तिथंच मोडला.

गेल्या रविवारी तो आईला बघायला आला. आता जेऊरला शिक्षक आहे, कानाजवळचे केस आत्ताच पिकलेत. चहा देताना मी एकदाचं विचारलं, आप्पांना तूच पढवलं होतंस ना. तो गोंधळला. "आप्पांशी? गाण्याचं एकदाबी बोललो न्हाय मी. ते मागाचंच सांगायचे. शेडमधी कान कामाचा न्हाय, लाकडावर हात ठेवला की कुटला ठोका चुकतोय ते कळतं, म्हणायचे." तेव्हाही मला वाटलं, हा खोटं बोलतोय.

तो गेल्यावर जुनी फाइल काढली. मिक्स करताना लावलेला कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो, म्हणजे मग सगळं मिळून वर उचलता येतं. लिमिटर त्याहून कडक. आखलेल्या रेषेपलीकडे काहीच जाऊ देत नाही. मी वाजवलेली गिटार आधीच सपाट, एकसारखी गर्जणारी. तिला लिमिटरचा धक्का लागत नव्हता. रेषेच्या वर डोकं काढत होता तो फक्त ड्रमचा ठोका, आणि दर वेळी त्याचंच डोकं छाटलं जात होतं. मी गाणं जितकं मोठं करत गेलो, तितकी माझी गिटार पुढे आली आणि ड्रमरचे ड्रम मागे गेले. लिमिटर लावलेलं आणि काढलेलं, दोन्ही गाणी सारख्या आवाजावर आणून ऐकली. तुम्ही म्हणालात तसंच होतं.

पण हे मला रविवारी कळलं, असं लिहिलं तर ती लबाडी होईल. मिक्स करतानाच मी ते ऐकलं होतं. ठोका बुडतोय हे ऐकून मी लिमिटर आणखी ढकलला, कारण गिटार छान वाटत होती आणि ड्रमला हात न लावता ते साधत होतं. म्हणून तर ड्रमरला इतक्या छातीठोकपणे पडदा दाखवता आला.

तुम्हाला हे लिहिणं मला सोपं जातं आहे, तुम्ही उलट विचारणार नाही. त्याचा नंबर माझ्याकडे आहे. चार दिवस झाले, त्याला मी अजून काही सांगितलेलं नाही.